गंधर्वनगरांतील चालतीं प्रेतें

नगरांचे इतिहास लिहिण्याची विद्या जुनी आहे. पाया कोणीं घातला, तट कोणीं बांधला, पाणी कोठून आणलें, पेठा कशा वसल्या, आणि शेवटीं शत्रूनें, रोगराईनें किंवा नदीच्या पुरानें तें नगर कसें उजाड केलें, या क्रमानें इतिहासकार आपली हकीकत सांगत आला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या नगराला माती नव्हती, पाणी नव्हतें, आणि त्याच्या तटाला हात लावून पाहण्याची सोयही नव्हती. तरीसुद्धां तें साडेआठ वर्षें उभें होतें. त्यांत माणसें रोज संध्याकाळीं जमत, एकमेकांच्या मदतीला धांवत, भांडत आणि पुन्हां एकत्र येत. आणि ज्या दिवशीं तें नाहींसें झालें, त्या दिवशीं पुष्कळांना राहतें घर गमावल्यासारखें दुःख झालें. 'सिटी ऑफ हीरोज' हें या संगणकावरील खेळाचें नांव. २००४ च्या एप्रिलांत तो सुरू झाला, आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं बंद पडला.

आमच्या प्राचीनांनीं अशा नगराला एक नांव देऊन ठेवलें आहे. ढगांच्या आकृतींत आकाशांत क्षणभर दिसणाऱ्या प्रासादांना व गोपुरांना ते गंधर्वनगर म्हणत, आणि वेदान्ती मंडळी जगाच्या मिथ्यात्वाला हाच दृष्टांत देत. येथें मात्र एक फरक लक्षांत ठेवला पाहिजे. या गंधर्वनगरांतील वाडे मिथ्या होते, पण त्यांत राहणारीं माणसें खरीं होतीं.

या रहिवाशांच्या बोलण्यांत दोन विषय वारंवार येत. पहिला, कोणतें ग्राफिक्स कार्ड या खेळाला चालतें आणि कोणतें चालत नाहीं. दुसरा, मेलेलीं माणसें उठून चालूं लागलीं तर काय होईल. एक विषय रुक्ष यंत्रविद्येचा, दुसरा पोरकट कल्पनेचा. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें सकृद्दर्शनीं वाटत नाहीं. परंतु आमचें म्हणणें असें कीं, या दोन विषयांचा मागोवा घेतला म्हणजे त्या नगराचा सबंध इतिहास हातीं लागतो. पहिला प्रश्न वेशीवरचा आहे: मला आंत घेतील काय? दुसरा स्मशानाच्या वाटेवरचा आहे: जीव गेल्यावर देहावर सत्ता कोणाची? आणि दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. आपण जेथें राहतों तें ठिकाण दुसऱ्याच्या इच्छेवर टिकून आहे, ही ती गोष्ट होय.

प्रथम नगराची ओळख करून घेऊं. हा खेळ कॅलिफोर्नियांतील क्रिप्टिक स्टुडिओज या मंडळीनें रचला व दक्षिण कोरियांतील एनसीसॉफ्ट या कंपनीनें तो प्रसिद्ध केला. हजारों लोक इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगांत शिरतात व त्यासाठीं दरमहा वर्गणी भरतात, अशा जातीचे खेळ त्यापूर्वींही होते. एनसीसॉफ्टचाच 'लिनिएज' हा खेळ १९९८ सालचा. पण ते बहुतेक तलवारी, राक्षस व मांत्रिक यांच्या जगांतले. अतिमानव वीरांचें अर्वाचीन नगर उभारण्याचा या जातींतील पहिला मोठा यशस्वी प्रयत्न हाच. नगराचें नांव पॅरागॉन सिटी. कथेच्या सोयीसाठीं तें अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यांत वसविलेलें. २००२ सालीं रिक्टी नांवाच्या परक्या जगांतील सैन्यानें स्वारी केली, पुष्कळ वीर धारातीर्थीं पडले, आणि त्यांच्या जागा भरून काढण्यासाठीं नवे वीर हवे आहेत, अशी त्याची पूर्वपीठिका होती. अॅटलस पार्क या भागांत पृथ्वीचा गोल तोलून धरलेल्या अॅटलसची एक प्रचंड मूर्ति उभी होती, आणि नवागतांचा मेळा तिच्या पायथ्याशीं भरत असे.

या नगरांत पहिलें पाऊल टाकण्यापूर्वीं प्रत्येकाला स्वतःचा वीर स्वतः घडवावा लागे. उंची, बांधा, चेहरा, मुखवटा, अंगरखा, रंग, नांव, पूर्ववृत्त, सर्व कांहीं आपल्या मनाचें. त्यासाठीं इतकीं साधनें पुरविलेलीं होतीं कीं, कित्येक जण लढाईपेक्षां या वेषगृहांतच अधिक रमत. दिवसभर कचेरींत मान मोडून काम करणारा कारकून रात्रीं येथें स्वतः कल्पिलेल्या रूपानें आकाशांत उडे, आणि इतर लोक त्याला त्याच रूपानें ओळखत.

हें वेषगृहच पहिल्या मोठ्या वादाचें कारण झालें. सुप्रसिद्ध अतिमानवांच्या चित्रकथा छापणाऱ्या मार्व्हल कंपनीनें नोव्हेंबर २००४ मध्यें एनसीसॉफ्ट व क्रिप्टिक यांच्यावर दावा लावला. या साधनांनीं खेळाडू आमच्या 'हल्क', 'वुल्व्हरीन' इत्यादि पात्रांसारखीं पात्रें बनवितात, अशी तिची तक्रार होती. पुढें असें निघालें कीं, पुराव्यादाखल दिलेलीं कांहीं चित्रें मार्व्हलच्याच माणसांनीं खेळांत शिरून बनविलेलीं होतीं! न्यायालयानें तीं वगळलीं, दाव्याचा बराच भाग काढून टाकला, आणि डिसेंबर २००५ मध्यें उभयपक्षीं तडजोड झाली. कल्पनेनें निर्मिलेल्या वीराचा धनी कोण, हा प्रश्न मात्र तडजोडीनें सुटणारा नव्हता. तो या वाङ्मयाच्या जन्मापासूनचा आहे. १९३८ सालीं जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं 'सुपरमॅन' हें पात्र प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरांस विकलें. त्या पात्रानें पुढें किती संपत्ति मिळविली हें सर्वश्रुत आहे. निर्मात्यांचें उर्वरित आयुष्य मात्र बरेंचसें आपल्या हक्कासाठीं भांडण्यांत गेलें.

आतां वेशीवरच्या प्रश्नाकडे वळूं. संगणकाच्या पडद्यावर दिसणारें नगर हें वास्तविक असंख्य लहान लहान त्रिकोणांचें बनलेलें असतें. पाहणाऱ्यानें मान वळविली कीं त्या सर्व त्रिकोणांच्या जागा, रंग व छाया नव्यानें मोजाव्या लागतात, आणि हें गणित दर सेकंदाला तीस-साठ वेळां करावें लागतें. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला हा भार झेपत नाहीं, म्हणून केवळ याच कामासाठीं वेगळी पाटी बसवावी लागते. तिलाच ग्राफिक्स कार्ड म्हणतात. घरगुती संगणकावर त्रिमिति चित्रांचे खेळ खेळणाऱ्यांत प्रथम अफाट लोकप्रिय झालेलें कार्ड १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चिपवर निघालें. त्याचें नांव 'वूडू'. वूडू हा हैतीबेटांतील आफ्रिकी वंशाच्या लोकांचा धर्म. चालत्या प्रेताची कल्पनाही त्याच बेटांतली. नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत जादू यापलीकडे कांहीं नसावें. तथापि आमच्या दोन विषयांची गांठ अशी अगदीं आरंभींच पडलेली आहे.

या कार्डांशीं खेळानें बोलावयाचें कोणत्या भाषेंत, यावरून पहिला घोटाळा झाला. थ्रीडीएफएक्सची 'ग्लाइड' ही भाषा फक्त तिच्याच कार्डांना समजे. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनें १९९२ मध्यें 'ओपनजीएल' ही भाषा सर्वांसाठीं म्हणून पुढें आणली होती, आणि १९९६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें 'डायरेक्टथ्रीडी' ही आपली तिसरी काढली. खेळ एका भाषेंत लिहावा आणि कार्डाला ती नीट येऊं नये, असा प्रकार नित्याचा झाला. दोघांमध्यें दुभाष्याचें काम 'ड्रायव्हर' नांवाची आज्ञावली करी. दुभाष्या चुकला कीं पडद्यावर भिंती नाहींशा होत, माणसांचे चेहरे फाटत, किंवा सर्वच काळें होऊन बसे. डिसेंबर २००० मध्यें थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेली. त्या दिवसापासून 'वूडू'च्या धन्यांच्या संगणकांत कार्ड धडधाकट होतें, पण त्याची भाषा जाणणारा वंश संपला होता.

'सिटी ऑफ हीरोज' हा ओपनजीएल भाषेंत रचलेला खेळ. त्याच्या वेशीवर जी पाटी लागली, तींत एनव्हिडियाचें जी-फोर्स २ अथवा एटीआयचें रेडिऑन ८५०० यांहून हलकें कार्ड चालणार नाहीं, अशा अर्थाची अट होती. अट जाचक नव्हती. दोन्ही कार्डें तोंवर दोन-चार वर्षांचीं जुनीं झालीं होतीं. पण ज्या वर्षीं हें नगर उघडलें, त्याच २००४ सालीं संगणकाच्या अंगांतच एक स्थित्यंतर घडून आलें. कार्ड बसविण्याची 'एजीपी' ही १९९७ पासूनची खांच मागें पडून तिच्या जागीं 'पीसीआय एक्स्प्रेस' ही निराळ्या आकाराची नवी खांच आली. ज्यानें काटकसर करून आदल्या वर्षीं नवा संगणक घेतला होता, त्याला पुढचीं उत्तमोत्तम कार्डें बसवितांच येईनात. येथें भाषेचा प्रश्न नव्हता. सांचाच जुळत नव्हता. कार्ड बदलावयाचें तर त्याखालचा मदरबोर्ड बदला, तो बदलावयाचा तर प्रोसेसर बदला, अशी ही उतरंड.

त्यानंतरही नगराच्या अपेक्षा वाढतच गेल्या. ऑक्टोबर २००५ मध्यें 'सिटी ऑफ व्हिलन्स' हें खलपुरुषांचें जुळें नगर निघालें. २००६ मध्यें एजिया नांवाच्या कंपनीनें पडझड, धूळ व उडणारे तुकडे यांचें गणित करणारें 'फिजएक्स' हें आणखी एक स्वतंत्र कार्ड बाजारांत आणलें, आणि त्याचा उपयोग करणाऱ्या पहिल्या कांहीं खेळांत या नगराचा समावेश होता. ज्यांनीं उत्साहानें तें विकत घेतलें, त्यांचा आनंद फार दिवस टिकला नाहीं. २००८ च्या फेब्रुवारींत एजिया एनव्हिडियानें घेतली, आणि त्या वेगळ्या कार्डाचें युग जवळजवळ सुरू होतांच संपलें. पुढें २०१० च्या एप्रिलांत 'अल्ट्रा मोड' आला. त्यामुळें पाण्यांत इमारतींचीं प्रतिबिंबें पडूं लागलीं, सूर्याप्रमाणें सावल्या फिरूं लागल्या. आणि एकाच अॅटलस पार्कमध्यें शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वीरांना, आपापल्या ऐपतीप्रमाणें, दोन वेगळीं नगरें दिसूं लागलीं.

कार्डांविषयींच्या या चर्चा वरवर पाहणाऱ्याला कंटाळवाण्या वाटतील. पण त्यांत एका समाजाची घडण दिसते. अमक्या ड्रायव्हरची मागची आवृत्ति ठेवा, छाया बंद करा, कणांची संख्या कमी करा, खांच कोणती आहे तें आधीं पाहून मग पैसे खर्च करा, असे सल्ले अनोळखी माणसें अनोळखी माणसांना विनामूल्य देत. जुन्या काळीं गांवांत नव्यानें येणाऱ्या कुळाला विहीर कोठें आहे, कोणत्या वाटेनें रात्रीं जाऊं नये, हें जसें शेजारी सांगत, तशांतलाच हा प्रकार. नगर कंपनीनें बांधलें खरें. पण त्यांत माणसाला वसतें करण्याचें काम बरेंचसें या शेजाऱ्यांनीं केलें.

आतां प्रेतांकडे येऊं. चालतें प्रेत ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. 'वेताळपंचविशी'तला वेताळ झाडावर लोंबणाऱ्या प्रेतांतच वस्ति करतो. पण आपला वेताळ बोलका आहे, बुद्धिमान् आहे. तो राजाला कोडीं घालतो आणि न्याय कशांत आहे हें विचारतो. हैतींतील 'झाँबी' याच्या अगदीं उलट. त्याला वाचा नाहीं, इच्छा नाहीं. मांत्रिकानें थडग्यांतून उठवून त्याला शेतांत राबावयास लावलेलें असतें. ही कल्पना तेथेंच कां रुजली, हें समजण्यास त्या बेटाचा इतिहास पाहिला पाहिजे. फ्रेंचांच्या अंमलाखालीं सें-दोमँग या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या वसाहतींत आफ्रिकेंतून आणलेले लाखों गुलाम उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबत. १७९१ मध्यें त्यांनीं उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झालें. ज्याचें सबंध आयुष्य दुसऱ्याच्या हुकमाखालीं गेलें, त्याला मरण ही एकच सुटका. आणि मेल्यावरही तोच मळा, तोच धनी, हें त्याच्या दृष्टीनें सर्वांत मोठें भय. झाँबी माणसाला खातो म्हणून हैतीचा माणूस त्याला भीत नसे. आपण स्वतः झाँबी होऊं, हें त्याचें भय होतें.

अमेरिकेनें १९१५ पासून १९३४ पर्यंत हैती आपल्या लष्करी ताब्यांत ठेविलें, तेव्हां ही कथा अमेरिकन वाचकांपर्यंत पोंचली. १९२९ मध्यें विल्यम सीब्रुक यांचें 'द मॅजिक आयलंड' हें पुस्तक निघालें आणि १९३२ मध्यें 'व्हाइट झाँबी' हा बोलपट. १९६८ मध्यें जॉर्ज रोमेरो यांनीं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटांत प्रेतांना नरभक्षक केलें, मांत्रिकाला रजा दिली, आणि झुंडींची आधुनिक कल्पना रूढ केली. गुलामाचें दुःख मागें पडलें. राहिली ती गर्दीची भीति.

अतिमानवांच्या चित्रकथांत मात्र या प्रेतांना बराच काळ मज्जाव होता. मुलें बिघडतात या ओरडीमुळें अमेरिकन प्रकाशकांनीं १९५४ मध्यें स्वतःवर जी नियमावली लादून घेतली, तींत चालतीं प्रेतें स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविलीं होतीं. १९७१ मध्यें नियम सैल झाले, तेव्हां रक्तपिपासु पिशाच्चांना व मनुष्य-लांडग्यांना वाङ्मयीन परंपरेच्या नांवावर प्रवेश मिळाला. झाँबीला मिळाला नाहीं, कारण त्याच्यामागें कोणी थोर ग्रंथकार नव्हता. मार्व्हलनें मग 'झुव्हेंबी' असें नांव बदलून त्याला मागल्या दारानें आंत घेतलें. २००५ च्या अखेरीस त्याच कंपनीनें 'मार्व्हल झाँबीज' ही मालिका काढली. तींत साक्षात् अतिमानव वीरच प्रेतें होऊन जग खाऊन टाकतात. पन्नास वर्षांत वेशीबाहेरचा अस्पृश्य गाभाऱ्यांत जाऊन बसला म्हणावयाचा!

पॅरागॉन सिटींत तर प्रेतें पहिल्या दिवसापासून होतीं. डॉक्टर व्हाझिलॉक नांवाचा एक शस्त्रवैद्य मृतांचे अवयव शिवून आपली फौज उभारीत असे, आणि नवशिक्या वीरांची गांठ बहुधा प्रथम तिच्याशींच पडे. खलांच्या नगरांत तर खेळाडूलाच प्रेतें उठवून त्यांच्याकडून काम घेण्याची विद्या शिकतां येई. पुढें हॅलोविनच्या सणांत प्रेतांची स्वारी हा उत्सवाचा भागच होऊन बसला. वीर जेथें जमले असतील तेथेंच, भर रस्त्यांत, जमीन फोडून प्रेतें वर येत, आणि ओळखदेख नसलेले लोक खांद्याला खांदा लावून लढत. मग गप्पांत साहजिकच तर्क निघत. असें खरेंच झालें तर कोणत्या शक्तीचा वीर टिकेल? उडतां येणारा कीं जखमा बऱ्या करणारा? आणि ज्याला कसलीच शक्ति नाहीं, त्याचें काय?

या तर्कांना हंसण्याचें कारण नाहीं. २००५ च्या सप्टेंबरांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या अशाच खेळांत एका राक्षसानें दिलेला रोग, रचनाकारांच्या अपेक्षेबाहेर, गजबजलेल्या नगरांत शिरला. दुर्बळ पात्रें पटापट मरूं लागलीं. कांहीं जण रोग्यांची सेवा करावयास धांवले, कांहींनीं रानांत पळ काढला, आणि कांहीं मुद्दाम रोग पसरवीत हिंडले. २००७ मध्यें सांथविज्ञानाच्या दोन नियतकालिकांत या प्रकरणावर गंभीर लेख आले. त्यांपैकीं एक 'लॅन्सेट' परिवारांतलें होतें. २००९ मध्यें कॅनडांतील गणितज्ञांनीं झाँबींच्या सांथीचीं समीकरणें मांडून, त्वरित व कठोर उपाय केले नाहींत तर मानवजात टिकत नाहीं, असा निष्कर्ष काढला. २०११ च्या मे महिन्यांत तर अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानेंच झाँबींच्या स्वारीची तयारी कशी करावी, हें लोकांना समजावून सांगितलें. भूकंप व वादळ यांसाठीं घरांत जें पाणी, अन्न व औषध ठेवावें, तेंच येथेंही लागतें, हा त्यांतला हेतु. २०२० मध्यें खरीच सांथ आली, तेव्हां या पोरखेळांतल्या तिन्ही जातींचीं माणसें आपण सर्वांनीं आपल्या आसपास पाहिलीं.

पॅरागॉन सिटीवर अखेरचें संकट आलें, तें मात्र या कोणत्याही तर्कांत नव्हतें. क्रिप्टिकनें २००७ च्या नोव्हेंबरांत खेळावरील आपले हक्क एनसीसॉफ्टला विकले होते, व पुढें पॅरागॉन स्टुडिओज ही शाखा तो चालवीत होती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजीं, कंपनीच्या धोरणाची फेररचना, एवढें कारण देऊन ही शाखा बंद करण्यांत आली आणि तीन महिन्यांची मुदत नगराला मिळाली. वीस हजारांवर सह्यांचा अर्ज गेला. सप्टेंबरांत एके दिवशीं असंख्य वीर हातांत मशाली घेऊन अॅटलस पार्कमध्यें उभे राहिले. शत्रु समोर असता तर ते लढले असते. पण येथें लढावयाचें कोणाशीं? ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले.

येथें वेशीवरच्या पाटीचा खरा अर्थ उघड झाला. प्रत्येकाच्या घरीं कार्ड होतें, स्वतःच्या पैशाचें, पूर्णपणें जुळणारें. खेळाची प्रतही स्वतःच्या डिस्कवर होती. पण नगराचा जीव दूरच्या सर्व्हरांत होता, आणि तो कंपनीच्या मुठींत होता. आठ वर्षें लोक एकमेकांना विचारीत आले कीं, माझें यंत्र नगराला चालेल काय. नगर आपल्याला केव्हांपर्यंत चालूं देतील, हें विचारण्याचें कोणाला सुचलें नाहीं.

दुसरी बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. सर्व्हरांना वीज लागते, कारागिरांना पगार लागतो, आणि तोट्याचें दुकान अनंतकाळ चालवावें असें कोणत्याही व्यापाऱ्याला सांगतां येत नाहीं. आंत शिरतांना प्रत्येक खेळाडूनें मान्य केलेल्या करारांत नगर कंपनीचें आहे हें लिहिलेलेंच होतें. हें सर्व खरें. परंतु दुकान बंद करणें निराळें आणि त्याची किल्ली समुद्रांत टाकणें निराळें. ज्या वीरांचीं रूपें, नांवें व पूर्ववृत्तें खेळाडूंनीं स्वतः निर्मिलीं, तींही त्या किल्लीबरोबर बुडालीं, याला कराराचें कलम दाखवून समाधान होण्यासारखें नाहीं. नाटक बंद पडलें तर संहिता राहते, देऊळ पडलें तर चौथरा राहतो. येथें चौथराही उरला नाहीं. या अडचणीची जाणीव कायद्यालाही उशिरां कां होईना झाली, आणि बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतन करण्यास ग्रंथालयें व संग्रहालयें यांना अमेरिकेनें २०१८ मध्यें कांहीं मर्यादित मोकळीक दिली.

मेलेलें नगर पुढें उठलें, ही या इतिहासांतली शेवटची व सर्वांत विलक्षण गोष्ट. एप्रिल २०१९ मध्यें असें उघड झालें कीं, कांहीं थोड्या लोकांनीं नगराची आज्ञावली मिळवून सुमारें सहा वर्षें तें गुप्तपणें चालविलें होतें. प्रथम संताप उसळला. ज्यांनीं शोक केला त्यांच्यापासून मृताचा देह लपवून ठेवला गेला, असें पुष्कळांना वाटलें. लवकरच ती आज्ञावली सर्वांच्या हातीं आली, 'होमकमिंग' इत्यादि नांवांनीं स्वयंसेवकांनीं नगरें उघडलीं, आणि जुने वीर परतले. रूपें व नांवें पुन्हां पहिल्यापासून घडवावीं लागलीं. २००४ च्या ओपनजीएलची आजच्या कार्डांशीं सांगड घालण्याचें जुनें कामही पुन्हां सुरू झालें, आणि सल्ला देणारे शेजारीही पुन्हां जमले. जानेवारी २०२४ मध्यें एनसीसॉफ्टनें होमकमिंगला रीतसर परवाना दिला.

मग या पुनरुज्जीवित नगराला झाँबी म्हणावें काय? देह तोच, जीव जाऊन पुन्हां हिंडूं लागलेला. वरवर पाहतां शब्द चपखल बसतो. आमच्या मतें तो चुकीचा आहे. हैतीच्या लोकांनीं झाँबीचें लक्षण प्रेताचें चालणें हें मानलें नव्हतें. दुसऱ्याच्या इच्छेनें चालणें हें मानलें होतें. त्यांच्यांत अशी समजूत आहे कीं, झाँबीला मिठाची चव मिळाली तर तो शुद्धीवर येतो, मळा सोडून निघतो, आणि मग धन्याचा हुकूम त्याच्यावर चालत नाहीं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावें म्हणतात तें धन्याशीं इमान राखण्यासाठीं. तेथें मीठ खाऊन जागा होतो तो धन्याच्या बंधनांतून सुटतो. या कसोटीनें पाहिलें तर २०१२ पूर्वींचें नगर दुसऱ्याच्या इच्छेवर अधिक चालत होतें, आणि आजचें आपल्या रहिवाशांच्या वर्गणीवर, श्रमावर व इच्छेवर चालतें. परवाना अजूनही कंपनीचा आहे, हें विसरतां येत नाहीं. तो परत घेतां येणार नाहीं असें कोणीं म्हटलेलें नाहीं. तेव्हां सुटका पुरी झालेली नाहीं, एवढेंच म्हणावें.

आज आपलीं पत्रें, छायाचित्रें, हिशेब, मुलांचे अभ्यास व मित्रांच्या मैफली अशाच नगरांत वसल्या आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या आपल्यापैकीं कोणाकडेही नाहींत. खेळांतले वीर म्हणून ज्यांना आपण हंसतों, त्यांनीं हा अनुभव आपल्याआधीं घेतला, इतकाच फरक. आपल्या घरांतील वडिलांचीं पत्रें पेटींत आहेत; आपलीं पत्रें कोठें आहेत, आणि तें ठिकाण उद्यां बंद झालें तर तीं कोणाजवळ उरतील, याची चौकशी वाचकांनीं आपापल्या घरीं अवश्य करावी.